ई-व्हिसाचा अर्ज : झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी हे वाचा



आजचा पाठ पुस्तकातला नाही. परदेशी जाण्याआधी ऑनलाइन व्हिसा, म्हणजे ई-व्हिसा, कसा काढतात ते आज आपण बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, "बाई, पाड्यावरून तालुक्याला जायला एसटी वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही विमानाच्या गोष्टी कुठे काढल्या?"

पण जरा आजूबाजूला बघा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रं जगभर पोहोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून आपल्याकडचे तरुण चित्रकार प्रदर्शनाला, कार्यशाळेला बाहेरच्या देशात जाऊ लागले. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांचे नातेवाईक परदेशात असतात. आयटीआयमधून वेल्डर, फिटर होऊन बाहेर पडलेली मुलं दुबई, ओमानची नावं घेतात. म्हणजे अर्ज भरले जातात. कुठे? तर तलासरी नाक्यावर, नाहीतर डहाणू स्टेशनजवळ, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात. दुकानदार भराभर टाइप करतो, आपण मागे उभे राहून "हो, हो" म्हणतो. त्या "हो, हो"ची किंमत किती असते, ते पुढे येईलच.

पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा

पासपोर्ट आपल्या देशाचं सरकार देतं. हा माणूस कोण, कुठला, हे तो सांगतो. व्हिसा समोरचा देश देतो. या माणसाने यावं, इतके दिवस राहावं आणि अमुक कामासाठीच राहावं, अशी ती परवानगी असते. यातला तिसरा भाग, "अमुक कामासाठीच", लोक विसरतात. त्यावर शेवटी बोलू.

मुलांना हे समजावताना मी अच्छाडच्या नाक्याचं उदाहरण देते. तलासरीच्या पुढे अच्छाड ओलांडलं की गुजरात. तिथे गाडीची कागदं बघतील, पण बाजाराला उंबरगावला निघालेल्या बाईला कुणी "तुमची परवानगी दाखवा" म्हणत नाही. सिल्वासाला कंपनीत कामाला जाणाऱ्यालाही नाही. आता गंमत बघा. १९५४ पर्यंत दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांचं राज्य होतं, दमणमध्ये तर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. म्हणजे आज जिथे आपण शेअर गाडीत बसून जातो, ते सिल्वासा त्या काळी परदेश होतं. घरात ऐंशी-पंच्याऐंशीचं कुणी असेल तर विचारून बघा.

जमिनीवर निदान नाका दिसतो. समुद्रात तोही नसतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी मुलं मासेमारीच्या हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट हद्दीपलीकडे गेली, किंवा गेली असं समोरच्यांनी ठरवलं, की थेट कराचीचा जेल. त्या मुलांनी कुठल्या देशाचा व्हिसा मागितलेला नसतो, बहुतेकांकडे पासपोर्टही नसतो. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. हा माणूस भारतीयच आहे, याची खात्री पटवायची असते आणि त्यासाठी गावाकडून कागद मागवले जातात. तिथे त्याने तोंडी सांगितलेलं नाव आणि इथल्या कागदावरचं नाव जुळावं लागतं. नावाची अक्षरं किती महत्त्वाची, हे त्या घरांना मी सांगायची गरज नाही.

ई-व्हिसा म्हणजे नेमकं काय

पूर्वी व्हिसा काढायचा म्हणजे पासपोर्ट घेऊन मुंबईला त्या देशाच्या वकिलातीत जायचं, रांग लावायची, पासपोर्ट तिथेच ठेवून यायचं. मग पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला व्हिसा घेऊन परत यायचं. अजूनही कित्येक देशांचं असंच आहे. अमेरिका, ब्रिटन, युरोपातले शेंगेन देश, यांचा अर्ज ऑनलाइन भरला तरी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

ई-व्हिसात हे जाणं-येणं नाही. त्या देशाच्या सरकारी साइटवर अर्ज भरायचा, आपला फोटो आणि पासपोर्टच्या पानाची प्रत चढवायची, फी भरायची आणि थांबायचं. मंजूर झाला की ईमेलवर कागद येतो किंवा साइटवरून उतरवून घ्यायचा. पासपोर्टवर काही चिकटत नाही. खरा व्हिसा असतो तो त्यांच्या संगणकात, आपल्या पासपोर्ट क्रमांकासमोर. आपल्या हातातला कागद ही नुसती त्याची छापील प्रत. म्हणून पासपोर्ट बदलला, नवीन क्रमांक आला, की जुन्या क्रमांकावर काढलेल्या ई-व्हिसाचं काय, ते त्या देशाला विचारल्याशिवाय निघू नये.

श्रीलंकेने २०१२ पासून ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ९० दिवसांचा ई-व्हिसा द्यायला सुरुवात केली. एकदाच आत जायचं असेल तर फी २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५०. रशियानेही त्याच ऑगस्टमध्ये भारतीयांना ई-व्हिसा खुला केला. नेपाळला जायला आपल्याला व्हिसाच लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो.

आपला देशही बाहेरच्यांना ई-व्हिसा देतो. २७ नोव्हेंबर २०१४ ला ४३ देशांच्या नागरिकांपासून सुरुवात झाली. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला होता, म्हणून हे साल मुलांच्या लक्षात राहतं. तुमच्या घरी वारली चित्रं शिकायला किंवा वाडीत राहायला परदेशी पाहुणा येणार असेल तर त्याचा व्हिसा तो बघेल. पण त्याला मुक्कामाला ठेवलं की २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती देणं हे घरमालकाचं काम आहे. होमस्टेवाले ह्याला फॉर्म सी म्हणून ओळखतात.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. थायलंड आणि मलेशियाला विमानाने उतरण्याआधी एक डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. थायलंडचं १ मे २०२५ पासून आहे. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. हा व्हिसा नाही आणि त्याला एक रुपयाही फी नाही. "व्हिसा कार्ड काढून देतो, दीड हजार द्या," असं कुणी म्हणालं तर ते पैसे त्याच्या खिशात जातात, सरकारकडे नाही.

अक्षरं

आता मुख्य गोष्ट. वकिलातीत काचेपलीकडे माणूस बसलेला असे. तो पासपोर्ट हातात घेई, अर्ज बघे, "हे स्पेलिंग इथे वेगळं कसं?" असं विचारे. ई-व्हिसात असं विचारायला बहुतेक वेळा कुणी नसतं. तुम्ही टाइप कराल तेच त्यांच्या संगणकात जातं.

मग ते जुळवलं कशाशी जातं? पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारख्या खुणा असलेल्या. प्रत्येक ओळीत मोजून ४४ खुणा. जगातल्या सगळ्या देशांनी ठरवलेल्या एकाच पद्धतीने त्या छापतात, म्हणजे कुठल्याही विमानतळावरचं यंत्र त्या वाचू शकतं. पहिल्या ओळीत आडनाव, मग दोन बाण, मग नाव. दुसरीत पासपोर्ट क्रमांक, देश, जन्मतारीख, मुदत. मी सातवीच्या मुलांना फळ्यावर नमुना काढून ह्या ओळी वाचायला लावते. मोठ्यांपेक्षा भरभर वाचतात!

आपल्याकडे गडबड होते ती मराठी नावाचं इंग्रजी करताना. वरठा हे आडनाव घ्या. कुणी व्ही, ए, आर, टी, एच, ए असं लिहितं. कुणी आर आणि टीच्या मध्ये आणखी एक ए घालतं. कुणी सुरुवातच डब्ल्यूने करतं. तिन्ही बरोबर, आपल्या कानाला तिन्ही एकच. यंत्राला मात्र ही तीन वेगळी माणसं. लक्ष्मण एक्सने लिहिणारे आहेत, के-एस-एचने लिहिणारे आहेत. जिव्या म्हसे यांचं आडनावसुद्धा इंग्रजी पुस्तकांत एम, ए, एस, एच, ई असं छापलेलं सापडतं, मराठीतला "म्ह" तिथे उरतच नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव मराठीत. आधारवर ऑपरेटरने त्याला सुचेल तसं इंग्रजी केलेलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. पासपोर्ट काढताना कुठलं तरी एक पक्कं होतं. ते एकदा छापलं की व्हिसाच्या अर्जात तेच, अगदी त्याच अक्षरांनी. "पासपोर्टवर चूक आहे, इथे बरोबर लिहू या" हा शहाणपणा अर्जात करायचा नाही. चूक वाटत असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा, मग व्हिसाकडे वळावं.

नावाचे रकाने किती, हा दुसरा गोंधळ. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन भागांत लिहितो. भारताच्या पासपोर्टवर रकाने दोनच: एक सरनेम, एक गिव्हन नेम. गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि बऱ्याचदा वडिलांचंही नाव एकापुढे एक छापलेलं असतं. व्हिसाच्या अर्जातही दोनच रकाने असले तर जसंच्या तसं उतरवा, वडिलांचं नाव गाळू नका. आणि तुमच्या पासपोर्टवर एकच शब्द असेल, आडनावाची जागा मोकळी असेल, तर तिकीट काढण्याआधी थांबा. संयुक्त अरब अमिरातींनी, म्हणजे दुबईवाल्या देशाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसाने येणाऱ्यांना मनाई केली होती. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा आला. आपल्या भागातल्या जुन्या कागदांवर आडनाव नसणं नवीन नाही. पासपोर्ट पहिल्यांदा काढतानाच आडनाव घालून घेतलेलं बरं.

पासपोर्ट क्रमांकाची एक युक्ती सांगते. आपल्या पासपोर्टचा क्रमांक म्हणजे पहिलं एक अक्षर आणि पुढे सात आकडे. म्हणजे पहिल्या अक्षरानंतर कुठेही गोल दिसला तर तो शून्यच, इंग्रजी ओ नाही.

१ जूनवाली माणसं

आता जन्मतारीख. आपल्या वाडीवस्तीवर शंभर माणसांना जन्मतारीख विचारा, कितीजण १ जून सांगतात बघा. पूर्वी जन्म घरी व्हायचा, नोंद व्हायची नाही. पोर शाळेत आलं की जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण दाखवायची म्हणून गुरुजी १ जून लिहून टाकत. आमच्या आधीच्या पिढीच्या गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी आणून ठेवला, असा विनोद आम्ही शिक्षक करतो. त्यात पोर शाळेत यावं, ही त्यांची तळमळही होती.

पण ई-व्हिसाच्या अर्जात ह्या १ जूनचा एक खास त्रास आहे. आपण दिवस आधी लिहितो, मग महिना: ०१/०६. काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकी पद्धतीच्या अर्जांत, महिना आधी आणि दिवस नंतर असतो. तिथे आपलं ०१/०६ म्हणजे ६ जानेवारी झालं! एखाद्याची तारीख २५ जून असेल तर त्याने २५/०६ टाकताच संगणक लाल अक्षरांत ओरडेल, कारण पंचविसावा महिना नसतो. १ जूनवाल्याला तो काहीच म्हणणार नाही. चूक असूनही अर्ज सरळ पुढे जाईल, फी कापली जाईल, व्हिसा येईलसुद्धा. आणि मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी पासपोर्ट आणि व्हिसा शेजारी ठेवून म्हणेल, "जन्मतारीख जुळत नाही."

ती अडवणारच. चुकीच्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो.

म्हणून तारीख हाताने टाइप करण्यापेक्षा कॅलेंडर उघडून महिन्याचं नाव बघून निवडा. रकान्याशेजारी बारीक अक्षरांत डीडी, एमएम असं लिहिलेलं असतं. डीडी म्हणजे दिवस, एमएम म्हणजे महिना. कुठलं आधी आहे ते बघा. पासपोर्टची मुदत लिहितानाही हेच.

ह्याच रांगेत जन्मस्थळ येतं. २०१४ च्या आधी जन्मलेल्यांच्या कागदांवर जिल्हा ठाणे असतो, नंतरच्या कागदांवर पालघर. अर्ज भरताना दुकानदार म्हणतो, "आता ठाणे कुठं, पालघर टाकू." टाकायचं ते पासपोर्टवर जन्मस्थळासमोर जे छापलंय तेच, मग ते गाव असो, तालुका असो की ठाणे.

दुकानात बसल्यावर

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने शिल्लक हवी, बहुतेक देश ही अट घालतात. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, नवा, मोबाइलचं गोरं करणारं फिल्टर बंद ठेवून काढलेला. आधीच्या फोटोचा फोटो चालत नाही. पासपोर्टच्या पानाची प्रत काढताना तळाच्या त्या दोन ओळी पूर्ण आल्या पाहिजेत, प्लास्टिकवर ट्यूबलाइटची चमक नको, अंगठा नको.

ईमेल स्वतःचा द्या. हे मी जोर देऊन सांगते. बरेच दुकानदार सवयीने स्वतःचा ईमेल टाकतात, सगळे अर्ज एकाच ठिकाणी येतात म्हणून. मग मंजुरी येते त्याच्याकडे, दुरुस्तीची सूचना येते त्याच्याकडे, आणि दिवाळीत त्याचं दुकान चार दिवस बंद. घरात कुणाला ईमेल नसेल तर आठवी-नववीतल्या पोराला सांगा, दहा मिनिटांत काढून देईल. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

फी भरताना आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. परदेशी सरकारी साइटवर यूपीआय सहसा चालत नाही, कार्ड लागतं. आणि २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन आपण चालू करून घ्यायचे असतात. काम झालं की बंद करून टाका. अर्ज नामंजूर झाला तरी व्हिएतनामसारखे देश फी परत देत नाहीत. चुकून भरलेला अर्ज पुन्हा भरायचा तर पुन्हा पूर्ण फी. म्हणून पैसे भरण्याआधी जे पान सगळी माहिती एकत्र दाखवतं, तिथे दुकानदाराचा हात थांबवा. पासपोर्ट हातात घ्या आणि एकाने पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडून बघायचं. वर्गात आम्ही शुद्धलेखन तपासतो तसंच. दुकानात चार माणसं बघत असतात म्हणून लाजू नका.

साइट खरी का खोटी हे आधी बघा. मोबाइलवर देशाचं नाव आणि "ई-व्हिसा" शोधलं की सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा जाहिराती. दिसायला सरकारी, झेंडा-बिंडा लावलेल्या. ह्यातल्या काही खरोखर अर्ज करून देतात पण फी दुप्पट-तिप्पट घेतात, काही नुसतेच पैसे आणि पासपोर्टची प्रत घेऊन बसतात. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. श्रीलंकेच्या सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट एलके, व्हिएतनामच्या शेवटी डॉट गव्ह डॉट व्हीएन, आपल्या पासपोर्टच्या साइटच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन. तरी शंका राहिली तर त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीच्या साइटवर दिलेल्या दुव्यावरून जा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

वेळेचं म्हणाल तर व्हिएतनाम कामाचे तीन दिवस सांगतं, पण ते तिथल्या सुट्ट्या धरून. आपल्याकडे सुट्टी नसली तरी त्यांच्याकडे असू शकते. उद्याचं विमान आणि आज अर्ज, असं करू नका. त्यांच्या अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार तेही निवडावं लागतं, म्हणून तिकिटाचा विचार आधी झालेला असावा.

कशासाठी चाललात?

अर्जात एक रकाना असतो: प्रवासाचा हेतू. दुकानदार न विचारता "पर्यटन" निवडतो, कारण ते सगळ्यात लवकर मिळतं. पिकनिकला निघालेल्यांचं ठीक आहे. पण एखादा चित्रकार प्रदर्शनात बसून चित्रं काढून दाखवणार आहे, विकणार आहे, त्याचं मानधन घेणार आहे, तर तो पर्यटक नाही. बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र मागवून घ्यावं आणि त्या कामासाठी कुठला व्हिसा लागतो, हे त्यांनाच लेखी विचारावं. चांगल्या संस्थांना ह्याचा राग येत नाही. विमानतळावर "काय करायला आलात?" असं विचारलं आणि बॅगेत तीस चित्रं निघाली, तर मग सांगायचं काय?

नोकरीचं तर फारच जपून. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कंपनी कामाचा करून देईल," हे वाक्य ज्या दलालाच्या तोंडून येईल, तिथून उठून यावं. पर्यटन व्हिसावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. पगार बुडवला, मारलं, पासपोर्ट काढून घेतला तरी तक्रार करायला तो पोलिसांकडे जायला घाबरतो. मालकाला तेच हवं असतं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. मुलांना थायलंडचं आमिष दाखवून पुढे म्यानमारमध्ये नेत आणि कोंडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावत. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. ती शिकलेली, कॉम्प्युटर येणारी मुलं होती.

आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती शाळेशी जोडलेली आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर असा शेरा येतो. १९८३ च्या कायद्यानुसार असा माणूस नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाणार असेल, तर त्याला आधी सरकारची परवानगी लागते. सौदी, अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन, मलेशिया, थायलंड हे त्यातलेच. ही परवानगी त्याच्या बाजूची आहे: करार काय, पगार किती, मालक कोण, हे सरकार तपासतं. पर्यटन व्हिसावर पाठवणारा दलाल नेमकं हेच टाळतो. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर हा शेरा येत नाही. नंतर पास झालं तरी पासपोर्ट नव्याने काढून शेरा काढता येतो.

भातकापणी झाली की आपल्याकडची कुटुंबं भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि आठवी-नववीतली मुलं पाठोपाठ निघून जातात. तेव्हा मी पालकांना दहावीचं महत्त्व सांगते ते टक्क्यांसाठी नव्हे. दहा वर्षांनी त्या मुलाच्या पासपोर्टवर एक शेरा असेल की नसेल, ते ह्या वर्षी ठरत असतं.

कुणी आखातात नोकरी देतो म्हणाला, तर त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणी झालेल्या एजंटांच्या यादीत आहे का ते बघा. नोंदणी असलेल्या एजंटाला सेवेपोटी ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. सव्वा लाख, दीड लाख मागणाऱ्याला विचारा, पावती किती रुपयांची देणार? ईसीआर शेरा असलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावाच लागतो: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि संरक्षण १० लाखांचं. दलालाने विम्याचे पाच-सात हजार सांगितले, तर बाकीच्या आकड्यांवरही किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

व्हिसा हातात आल्यावर पुन्हा एकदा पासपोर्टशेजारी ठेवा. नाव, क्रमांक, जन्मतारीख, किती दिवस, एकदाच प्रवेश की अनेकदा, आणि हेतूसमोर काय लिहिलंय. दोन प्रती काढा. एक प्रवाशाच्या बॅगेत आणि एक घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत.